पट्टी चुंबकाच्या बाजूला सूची दिशाच धरत नाही. बलरेषा तिथे संपते का?

प्रयोगवही:
पट्टी चुंबक (लांबी 8 सेंमी) कागदाच्या मध्यावर ठेवलाय, उत्तर ध्रुव उत्तरेकडे. छोट्या होकायंत्राने टिंबं जोडत बलरेषा काढतोय. टोकांजवळ रेषा छान येतात. पण चुंबकाच्या मध्यापासून पूर्वेला 12 सेंमीवर सूची डळमळते आणि प्रत्येक टिचकीला नव्याच दिशेला थांबते. पश्चिमेलाही तेवढ्याच अंतरावर तेच. होकायंत्र बिघडलंय का?

ध्रुवदर्शक:
होकायंत्र उत्तम आहे. तुम्हाला शून्य बिंदू, म्हणजे चुंबकाचं आणि पृथ्वीचं क्षेत्र मिळून शून्य होतं त्या जागा, सापडलेत, आणि दोन्हीकडे अंतर सारखं आलंय म्हणजे मांडणीही नेटकी आहे. चुंबकाबाहेर बलरेषा उत्तर ध्रुवाकडून दक्षिण ध्रुवाकडे जातात, म्हणून कुशीला चुंबकाचं क्षेत्र दक्षिणेकडे असतं. पृथ्वीच्या क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक उत्तरेकडे. 12 सेंमीवर दोन्ही समान होऊन एकमेकांना खोडतात. मग सूची कुठे थांबायची ते तिच्या मध्याखालच्या टेकूवरचं घर्षण ठरवतं.

चुंबक 180 अंशांत फिरवा. शून्य बिंदू आता अक्षावर, म्हणजे चुंबकाच्या लांबीच्या रेषेत, उत्तरेला आणि दक्षिणेला मिळतील. तेवढ्याच अंतरावर अक्षावरचं क्षेत्र कुशीच्या दुप्पट असतं आणि ते अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटतं, म्हणून अंतर 1.26 पट, म्हणजे 15 सेंमी. हे आखूड चुंबकाचं गणित. तुमच्या चुंबकाला थोडं जास्त येईल.

लोहकीस:
एक गोष्ट पक्की धरा: बलरेषा कुठेच संपत नाही. चुंबकाच्या आतून ती दक्षिण ध्रुवाकडून उत्तर ध्रुवाकडे जाते आणि वेटोळं पूर्ण करते. म्हणूनच चुंबक मोडला तरी सुटा ध्रुव हाती लागत नाही. शून्य बिंदूवर फुली मारा, आसपासच्या रेषा त्याला वळसा घालून न्या. जबरदस्तीने जोडल्यात तर रेषा एकमेकींना छेदतील, आणि सूची एका जागी दोन दिशा दाखवू शकत नाही.

फिरवण्याआधी चुंबक दूर नेऊन कागदावरची उत्तर-दक्षिण रेषा पुन्हा तपासा. मोबाईल, कात्री, लोखंडी पायांचं टेबल लांबच हवं. सूची जोरदार चुंबकाला चिकटवू नका, तिचे ध्रुव उलटू शकतात आणि मग सगळे बाण उलटे येतात.

प्रयोगवही:
फिरवलं. उत्तरेला 16, दक्षिणेलाही 16.

ध्रुवदर्शक:
बरोबर. पट्टी चुंबकाचे ध्रुव टोकांच्या किंचित आत असतात, त्यांच्यातलं अंतर लांबीच्या साधारण 5/6. तुमच्याकडे ते 6.7 सेंमी होतं आणि त्यावरून 16.2 येतं.