मदत हवी आहे : मोठी पीडीएफ बनवताना मेमरी संपते

नमस्कार मंडळी,

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानाला महाजनांची (म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदांची) फोटोसकट नोंदवही पीडीएफ करून द्यायची आहे. काम जावा भाषेत, आयटेक्स्ट ७ ही पीडीएफ बनवायची लायब्ररी वापरून. पानं हजाराच्या वर गेली की ‘आउट ऑफ मेमरी’ येऊन प्रोग्रॅम बंद पडतो. जत्रेआधी वही छापखान्यात जायला हवी, त्यामुळे जीव टांगणीला लागलाय.

हीप (जावा प्रोग्रॅमला मिळणारी मेमरी) ४ जीबी केला, तर फक्त थोडी जास्त पानं निघाली. फाइल थेट डिस्कवरच लिहितोय. खरी गोम मला पानक्रमांकात दिसते. समितीला प्रत्येक पानाखाली ‘एकूण पानांपैकी इतकावं पान’ असं हवंय. एकूण आकडा शेवटीच कळतो, म्हणून इमिजिएट फ्लश (मजकूर तयार होताच फाइलीत लिहून मेमरी मोकळी करणं) बंद ठेवलंय, आणि मग एकही पान मेमरीतून सुटत नाही. त्या आकड्याच्या जागी सगळ्या पानांवर एकच रिकामा फॉर्म एक्सऑब्जेक्ट (फाइलीत एकदाच साठवून अनेक पानांवर दाखवता येणारा तुकडा) ठेवला, पानं लगेच फ्लश केली आणि तो ऑब्जेक्ट शेवटी भरला, तर चालेल ना? हे कोणी प्रत्यक्ष केलंय का?

दुसरं फोटोंचं. ४००० बाय ३००० पिक्सेलचा जेपीईजी डिस्कवर ३ एमबीचा, पण लहान करायला उघडला की ३६ एमबी खातो. वाचतानाच सबसॅम्पलिंग केलं (मधले पिक्सेल गाळून फोटो लहान वाचला) तर छपाईत चेहरे खरबरीत येतील का? यातले काही महाजन आता हयात नाहीत, त्यांचा दुसरा फोटो मिळणार नाही. तिथे तडजोड नको वाटते.

कोडचा छोटा तुकडा दिलात तरी खूप मदत होईल.