मदत हवी आहे: सांगली गावभागात केबल ठेवावी की फायबर घेऊन सगळं एकत्र करावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही सांगलीत गावभागात राहतो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि यंदा अकरावीला गेलेला मुलगा. टीव्हीला केबल आहे, महिन्याला ३८० रुपये. इंटरनेट म्हणजे आतापर्यंत मोबाईलचा हॉटस्पॉट. मुलाचे क्लासचे व्हिडिओ रोज तीन-चार तास चालतात. दुपारी दोनलाच दिवसाचा डेटा संपतो आणि मग तो माझा फोन घेऊन बसतो. म्हणून घरी ब्रॉडबँड घ्यायचं हे पक्कं झालंय. कुणाचं घ्यायचं आणि केबलचं काय करायचं, यावर गेले पंधरा दिवस घरात एकमत होत नाहीये.

मुलाचं म्हणणं, केबल बंद करून टाकू. मोठ्या कंपनीचं फायबर घेतलं की त्यांचाच बॉक्स मिळतो, चॅनल अ‍ॅपवर दिसतात, वर ओटीटी. हिशेबाने त्याचं चूक नाही. पण सासरे ७८ वर्षांचे आहेत, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. त्यांच्या रिमोटच्या पाठीवर मी चिकटपट्टी लावून मार्करने चार आकडे लिहिलेत: दोन बातम्यांचे, एक सह्याद्रीचा, एक सासूबाईंच्या मालिकांचा. चिकटपट्टीची कड काळी पडलीय, पण ते कुणालाही न विचारता टीव्ही लावतात. मध्यंतरी केबलवर चॅनलचे नंबर बदलले तर दोन दिवस त्यांनी टीव्ही लावलाच नाही. विचारलं तर म्हणाले, "असू दे, पेपर वाचतो." मला ते फार लागलं. अ‍ॅप उघडा, प्रोफाइल निवडा, मग लाईव्ह टीव्ही शोधा, हे त्यांच्याच्यानं होणार नाही.

दुसरी गोष्ट पुराची. गावभागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की आमच्याकडे खालचं सामान वर चढायला लागतं, ४५ ला धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही विश्रामबागला नणंदेकडे होतो. परत आलो तेव्हा भिंतीला छातीपर्यंत गाळाची रेघ आणि सेटटॉप बॉक्समध्ये चिखल. वीज आल्यावर चौथ्या दिवशी आमचा केबलवाला दादा खांद्यावर वायरचं भेंडोळं घेऊन दारात उभा होता. त्याचं स्वतःचं दुकान पाण्यात होतं. २०२१ ला पण तोच आला. आता तोही फायबर इंटरनेट देतो आणि म्हणतो, "वहिनी, केबल आणि नेट दोन्ही माझ्याकडे ठेवा, फोन केला की येतो." यावर माझा विश्वास आहे, कारण मी ते बघितलंय. पण गल्लीतल्या दोघीजणी म्हणतात की त्याचं नेट रात्री आठ ते दहा रडतं.

मोठ्या कंपनीचाही अनुभव घेऊन झालाय (नाव घेत नाही). 'दोन दिवसांत जोडणी' म्हणून १००० रुपये ऑनलाइन भरून घेतले. मग कळलं की आमच्या बोळात त्यांची वायरच आलेली नाही. अठरा दिवस रोज नवा माणूस फोनवर, प्रत्येकाला पत्ता पहिल्यापासून सांगायचा. शेवटी पैसे परत मागितले. त्यांनीच मग एअरफायबर सुचवलं, म्हणजे गच्चीवर ५जीचा डबा आणि खाली राउटर. बोळातून वायर ओढायची कटकट नाही, हे खरं.

आणखी एक वाट म्हणजे गच्चीवर डीटीएच आणि नेट वेगळं. शेजारच्यांची छत्री २०१९ च्या पुरातही शाबूत राहिली, हे डोक्यात आहे.

महिना ९०० पर्यंत सगळं बसावं. हजार एमबीपीएस वगैरे नको. जाणकारांनी कृपया सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर टीव्ही आणि नेट एकाच तारेवर टाकलं असतं का?

प्रतिसाद १

ताई, नाही टाकलं असतं. टीव्ही आणि नेट एकाच फायबरवर गेलं की एक तार तुटली तर दोन्ही बंद. मुलाचं मोबाईलवर भागेल, सासऱ्यांचं नाही.

वेगाचं म्हणाल तर तुमच्या घराला ३० एमबीपीएस पुष्कळ झालं. एचडी व्हिडिओला साधारण ५ लागतात. हा आकडा मेगाबिटचा असतो, मेगाबाइट हवे तर त्याला आठने भागायचं. म्हणजे ३० च्या लाइनवर फाइल सेकंदाला पावणेचार मेगाबाइटने उतरेल. लोक इथेच फसतात आणि नेट स्लो म्हणून भांडतात. जाहिरातीतल्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी धरायचा, ३९९ चे ४७० रुपये ८२ पैसे होतात.

केबलवाल्या दादाला दोन प्रश्न विचारा. त्याचा ओएलटी, म्हणजे जिथून सगळ्या घरांची फायबर निघते ते मशीन, कितव्या मजल्यावर आहे? आणि त्याला इन्व्हर्टर किती तासांचा? फायबरला मधे वाटेत वीज लागत नाही, पण हे मशीन पाण्यात गेलं की अख्खा गावभाग बंद. जुन्या तांब्याच्या केबलला तर गल्लीगल्लीत अ‍ॅम्प्लिफायर असतात, तिथली लाइट गेली की तुमच्या घरात असूनही टीव्हीवर 'नो सिग्नल'.

रात्री रडतं का, याचा निकाल ऐकीव गोष्टींवर लावू नका. ज्यांच्याकडे त्याचं नेट आहे त्यांच्या घरी रात्री नऊला जा, लॅपटॉप राउटरला वायरने जोडा आणि स्पीड टेस्ट करा. पुष्कळदा लाइन ठीक असते आणि राउटर कपाटामागे कोंबलेला असतो. भिंती जुन्या जाड असतील तर ५ गिगाहर्ट्झचं वायफाय पलीकडच्या खोलीत पोचत नाही, २.४ वर टाकावं लागतं.

प्रतिसाद २

मी साताऱ्याचा, शाहूपुरीत राहतो. आमच्या आईसाठी हेच सगळं करून बसलोय. सगळं एकत्र घेतलं होतं. नेट गेलं की आई फोन करायची, "टीव्ही बिघडला." मी तेव्हा पुण्यात. चार महिन्यांनी परत केबल जोडली. डीटीएचचं म्हणाल तर आमच्याकडे जुलैत पाऊस धो धो लागला की दहा-पंधरा मिनिटं चित्र जातं. छत्रीचं तोंड आग्नेयेला लागतं, त्या बाजूला शेजाऱ्यांचं आंब्याचं झाड असेल तर आधी बघून घ्या. आमच्या वेळी नव्हतं, आता आहे.

प्रतिसाद ३

वहिनी, मी तासगाव भागात केबलचंच काम करतो. ३८० जरा जास्त वाटतात. २०१९ ला ट्रायचे (फोन-टीव्ही सेवांचे नियम ठरवणारी सरकारी संस्था) नवे नियम आले तेव्हापासून बिलाचे दोन भाग असतात. एक नुसत्या जोडणीचा आकार, १३० अधिक कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. त्यात फ्री चॅनल येतात. २०२४ मध्ये ट्रायने या आकारावरची मर्यादा काढली, तरी आमच्या भागात बहुतेकजण अजून १३० च धरतात. उरलेलं सगळं पे चॅनलचं. तुमच्याकडे कुणीतरी मोठा पॅक टाकून ठेवलाय. प्रत्येक चॅनल सुटं घेता येतं, हा तुमचा हक्क आहे. पॅकमध्ये घालायच्या चॅनलची किंमत १९ च्या वर ठेवता येत नाही. समजा तुमच्या आवडीचे पाच चॅनल पूर्ण १९ चे धरले तरी ९५, करासकट ११२. म्हणजे सगळं मिळून २६५ च्या आसपास. बॉक्सवर ९९९ नंबर लावा, तिथे माहिती असते. आणि दादाशी भांडू नका, यादी लिहून द्या. तो बदलून देईल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. कालपासून घरात हेच चाललंय.

सासूबाईंना घेऊन बसले आणि एका आठवड्यात त्या दोघांनी काय काय बघितलं ते लिहून काढलं. सह्याद्री आणि बातम्या धरून सात चॅनल निघाले, त्यातले चारच पे. पॅकमध्ये तमिळ चित्रपटांचे चॅनल होते, ते आमच्या घरात कधीच कुणी लावलेले नाहीत. यादी दादाला दिली. त्याने एका शब्दाने वाद घातला नाही, पुढच्या महिन्यापासून २४५ च्या आत येईल म्हणाला. चॅनलचे नंबर तेच राहणार ना, हे मी तीनदा विचारून घेतलं.

ओएलटीचंही विचारलं. २०१९ ला ते दुकानात तळमजल्यावर होतं आणि गेलं. २०२१ च्या आधी त्याने कर्ज काढून भावाच्या घरी दुसऱ्या मजल्यावर हलवलं, बॅटरी सहा तासांची. हे सांगताना त्याने मोबाईलमधला गाळाने भरलेल्या मशीनचा फोटो दाखवला. मला तेव्हाचे दिवस आठवले.

तेव्हा केबल राहणार. नेटसाठी आज रात्री नऊला मुलगा शेजारच्या काकूंकडे लॅपटॉप आणि वायर घेऊन जाणार आहे. आकडा बरा आला तर दादाचंच ३० चं घेऊ. नाहीतर एअरफायबर, पण एका महिन्याच्या बोलीवर. सहा महिन्यांचे पैसे आधी कुणालाच भरणार नाही.

एक राहिलं. आमच्याकडे लाइट दिवसातून एकदा तरी जाते आणि इन्व्हर्टर नाही. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो असं ऐकलं. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर एकावर दोन्ही चालतात का? सांगली-मिरजेत कुणी वापरत असेल तर किती तास टिकतो तेवढं सांगा.