जिनिंगच्या भंगारातली जुनी ऐरण : कड तुटलेली, माथा खोलगट. घ्यावी का?

दारव्हा_भट्टी

नमस्कार मंडळी. एका बंद पडलेल्या जिनिंगच्या वर्कशॉपमधली ऐरण भंगारवाल्याकडे आली आहे. किलोवर देतो म्हणतो. माथा अंदाजे ४० सें.मी. लांब, १० सें.मी. रुंद. एका बाजूची कड १५ सें.मी. लांबीपर्यंत तुटली आहे, सगळ्यात खोल टवका ८ मि.मी. माथ्यावर सरळ पट्टी आडवी धरली की मधोमध ३ मि.मी. फट दिसते. शिंगाचं, म्हणजे पुढच्या निमुळत्या तोंडाचं, टोक गेलेलं. तुटक्या कडेवर कोणीतरी वेल्डिंगचे गोळे चढवून ठेवले आहेत. बाजूला १, १, १० असे आकडे ठोकलेले आहेत. मागच्या टाचेवर हातोडी मारली तर आवाज बद्द येतो.

काम हौसेचंच: विळे, खुरपी, सुऱ्या, हुक. भट्टी कोळशाची, वर ब्लोअर.

घेऊ का? माथा मशीनवर सपाट करून घ्यावा का? कडा वेल्डिंगने भरता येतील का? आणि शेडमध्ये सगळी काळी माती आहे, तर बसवू कशी?

घणाचा_ठोका

भाऊ, पैसे देण्याआधी तपासा, आणि तपासेपर्यंत ग्राइंडर लावूच नका.

आकडे आत ठोकलेले आहेत म्हणजे जुन्या इंग्रजी पद्धतीचं वजन दिसतं. पहिला आकडा हंड्रेडवेट (११२ पौंड), दुसरा त्याचा पाव (२८ पौंड), तिसरा सुटे पौंड. ११२ + २८ + १० = १५० पौंड, म्हणजे ६८ किलो. काट्यावर चढवून पहा. एवढ्या माथ्याचा १ मि.मी. थर काढला तर सुमारे ३०० ग्रॅम जातात. त्या हिशोबाने बरीच कमी भरली तर आधीच कोणीतरी माथा तासला आहे असं धरा. बाजू तारेच्या ब्रशने घासून अक्षरंही शोधा. इंग्लंडमधल्या डडलीच्या पीटर राइटच्या ऐरणीवर नाव आणि गोलात ‘सॉलिड रॉट’ असं इंग्रजीत कोरलेलं असतं. अशा ऐरणीचं अंग मऊ घडीव लोखंडाचं आणि वर पोलादाची पाटी तापवून-ठोकून जोडलेली असते. पाटीची जाडी साधारण १० ते १५ मि.मी., आणि पाणी दिलेलं (तापवून विझवून कडक केलेलं) असतं ते फक्त तिलाच. ऐरणीची खरी किंमत त्या पाटीत आहे.

उलट आकडे उठावाचे असतील, बाजूला साच्याची उभी रेघ असेल, तर बिडाची ओतीव ऐरण असण्याची शक्यता जास्त. पोटाला ग्राइंडर टेकवला तर बिडाच्या ठिणग्या आखूड आणि लालसर पडतात, घडीव लोखंडाच्या लांब, पिवळट रेघा निघतात. बिडाची फुकट मिळाली तरी ठोकायला घेऊ नका, कड ढासळतच राहते.

आता मुख्य चाचणी. ट्रकच्या बेअरिंगमधली २० ते २५ मि.मी.ची गोळी घ्या. माथ्यावर खडूने दर ५ सें.मी.वर फुल्या मारा, मागे पट्टी उभी धरा आणि २५ सें.मी.वरून गोळी सोडा. १८-२० सें.मी. उसळली तर पाटी उत्तम. १२-१३ म्हणजे पाणी उतरलंय, बहुधा आगीत सापडली असेल. ७-८ म्हणजे बीड, किंवा तिथे पाटी अंगापासून सुटली आहे. ऐरण भंगाराच्या ढिगात किंवा मातीवर ठेवून तपासू नका, तिचा आवाज दबतो. जाड लाकडी ओंडक्यावर ठेवा.

टाचेचा बद्द आवाज मला खटकतो. टाच बारीक असल्यामुळे तिथला नाद थोडा वेगळा येतोच, पण नाद आणि उसळी दोन्ही एकदम पडले तर पाटी सुटली समजा. खात्रीसाठी पाटी आणि अंग यांच्या जोडावर डिझेल लावा, दहा मिनिटांनी कोरडं पुसा आणि खडूची पूड भुरभुरा. फट असेल तर आतलं डिझेल वर येऊन काळी रेघ उमटते.

माथा मशीनवर तासायचा विचार सोडा. ३ मि.मी.ची खोलगट काही अडवत नाही, उलट वाकलेली पट्टी सरळ करायला थोडा खोलगट माथा सोयीचा पडतो, कारण ठोकल्यावर पट्टी परत उसळी घेते आणि ती उसळी त्या खोलात सामावते. पण ३ मि.मी. तासले की १२ मि.मी.ची पाटी ९ वर येते, तीही सगळ्यात कडक वरचा थर घालवून.

वेल्डर_मूर्तिजापूर

वेल्डिंगचं मी सांगतो. आधी ते जुने गोळे. घाईने ६०१३ नंबरचा वेल्डिंग रॉड मारला असेल तर तो मऊ आहे, आणि खाली थंड ऐरण असल्याने जोडाच्या काठाने भेगा गेलेल्या असणार. ऐरणीएवढं थंड लोखंड वेल्डची उष्णता क्षणात ओढून घेतं, कार्बनचं पोलाद तिथल्या तिथे ठिसूळ होतं आणि मण्याच्या, म्हणजे वेल्डच्या ओळीच्या, बाजूने तडकतं. गोळे पूर्ण काढा, मग डिझेल-खडूची तपासणी त्या कडेवरही करा.

भरायचंच असेल तर संपूर्ण ऐरण २०० ते २३० अंशांपर्यंत तापवा. गोवऱ्या आणि कोळशाच्या मंद आगीत, टोप झाकून, तीन-चार तास सहज जातात. वरवर टॉर्च फिरवून भागत नाही, पोट थंडच राहतं. तापमान ओळखायचा सोपा मार्ग: माथ्यावर रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा. ती फिकट गवती पिवळी झाली की थांबा. तपकिरीकडे वळली तर जास्त झालं, आणि जांभळी-निळी दिसली तर २७०-३०० च्या घरात जाऊन माथ्याचं पाणी उतरलं.

खालचे थर ७०१८ नंबरच्या रॉडचे. रॉड आधी ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास सुकवलेले हवेत, पावसाळ्यात तर नक्कीच, नाहीतर ओलाव्यातला हायड्रोजन आत शिरून दुसऱ्या दिवशी भेग दाखवतो. वरचे फक्त दोन थर ४५ ते ५० रॉकवेलच्या (कडकपणाचं माप) हार्डफेसिंग, म्हणजे कडक थर देणाऱ्या, रॉडचे. त्याहून कडक घेतलात तर कड परत टवके देईल. मणी ३-४ सें.मी.चाच ओढा, लगेच गोल तोंडाच्या हातोडीने हलके ठोके द्या, पुढचा मणी दुसऱ्या टोकाला. मध्येच ऐरण १८० च्या खाली गेली तर परत तापवा. शेवटी राखेत पूर्ण गाडून रात्रभर तसंच ठेवा. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या कोंड्याची राख मिळते, ती उष्णता फार छान धरते.

स्टेनलेसचा रॉड कोणी सुचवला तर ऐकू नका. चिकटतो बरा, पण कड मऊच राहते.

दारव्हा_भट्टी

सगळं करून पाहिलं. वजन ६७ किलो. गोळी पुढच्या पंचवीस-सव्वीस सें.मी.त १९ च्या आसपास उसळते, टाचेवर ११. खडूत टाचेच्या उजव्या जोडावर ६ सें.मी. रेघ उमटली. गोळे काढल्यावर कडेखाली मात्र भेग नाही. पाटी १३ मि.मी. दिसते.

घणाचा_ठोका

मग भंगाराच्या भावात खुशाल घ्या, पण त्याच्या वर जाऊ नका. पुढचा भाग पहिल्या प्रतीचा आहे.

टाचेची सुटलेली पाटी तशीच राहू द्या. फटीत वर्षानुवर्षांचा गंज आहे, वरून वेल्ड मारला तर तो गंजावर बसतो आणि उष्णतेने फट आणखी पुढे धावते. टाचेवर घण मारायचा नाही, एवढं पाळा. तिथल्या चौकोनी भोकात ठोकून बसवायचं निमुळतं हत्यारही घालू नका. पाचर मारल्यासारखा ताण येऊन टाच तुटते. हत्याराचा दांडा सरळ आणि हाताने सुटा जाईल इतका सैल ठेवा, तेही हलक्या छाटणीपुरतं.

तुटक्या कडेबद्दल मूर्तिजापूरच्या भाऊंशी माझा थोडा मतभेद. त्यांची पद्धत अगदी बरोबर आहे, पण खेड्यात तीन-चार तास एकसारखं तापमान धरणं अवघड, आणि एकदा जास्त तापलं की चांगला भागही गेला. पाटी १३ ची, टवका ८ चा, म्हणजे कडक थर खाली अजून शिल्लक आहे. ८० नंबरच्या फ्लॅप डिस्कने टवक्यांचे धारदार काठ मोडून कड गोल करा, शिंगाजवळ ८ मि.मी. गोलाई आणि मागे जाताना ३ पर्यंत कमी. डिस्क एका जागी दाबू नका. बोट ठेववत नाही इतकं तापलं की थांबा, निळा डाग पडला तर तेवढी जागा मऊ झालीच. गोल कडेवर खांदा (पट्टीत पायरीसारखा टप्पा) पाडला तर लोखंडात चीर जात नाही, म्हणून ती मुद्दाम हवीच असते. काटकोनी कड लागेल तेव्हा दुसरी बाजू आहे.

शिंग मऊ लोखंडाचं असतं. मोडकं टोक गोल करून टाका, बस.

वेल्डर_मूर्तिजापूर

मोजमाप पाहून पटलं, या ऐरणीला वेल्ड नको. सुरीच्या मुठीजवळ अगदी तीक्ष्ण कोपरा लागला तर ट्रकच्या जुन्या एक्सलचा तुकडा एका टोकाला चौरस घासून ओंडक्यात शेजारी उभा ठोका.

भंगारवाला त्याऐवजी रुळाचा तुकडा दाखवेल. रूळ उभा गाडला तर कामाला चांगला, पण रेल्वेच्या लिलावाची पावती असल्याशिवाय हात लावू नका. १९६६ च्या रेल्वे मालमत्ता कायद्याखाली नुसतं जवळ बाळगणंसुद्धा अंगाशी येतं.

बाभुळगाव_सुतार

बसवायचं राहिलं. बाभळीचा ओंडका घ्या, ४५ सें.मी. व्यासाचा, तंतू उभे राहतील असा. ओला नको, सुकताना फाटतो. वर-खाली लोखंडी पट्ट्याचे कडे गरम करून चढवा.

काळ्या मातीत नुसता पुरला तर पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि मे महिन्यात ऐरण डुलायला लागते. ७५ सें.मी. खोल, ओंडक्याच्या दुप्पट रुंद खड्डा घ्या. तळाशी १५ सें.मी. मुरूम कुटा, ओंडका ओळंब्यात उभा करा आणि भोवती मुरूमच १५-१५ सें.मी.च्या थरांनी पाणी मारून कुटत या. काळी माती परत आत टाकू नका. जमिनीखालचा भाग आधी आगीवर काळा होईपर्यंत भाजून जळकं ऑइल पाजा, उधई लागत नाही.

उंची: सरळ उभे राहून मूठ खाली सोडा, बोटांची पेरं माथ्याला टेकायला हवीत. ओंडका कापताना ऐरणीची उंची वजा करायला विसरू नका. बसवल्यावर कमरेला जाड साखळी आवळली की कानठळी नाद निम्म्यावर येतो.

गंजासाठी ॲसिड नको. तारेचा कप ब्रश, मग ऐरण उन्हात तापवून कच्च्या जवस तेलाचा पातळ हात. जवस आपल्याकडे घाण्यावर मिळतेच. जाड थर दिला तर चिकट राहतो आणि कोळशाची धूळ धरतो, म्हणून लावून पंधरा मिनिटांनी फडक्याने पुसून काढा. तेलाचं फडकं मात्र चुरगाळून शेडमध्ये टाकू नका, आपोआप पेटतं. पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवा.