लोहाओळीत मिळालेले विमानाचे तीन भाग, ओळख पटवायला मदत हवी

वर्धारोडकर:

नमस्कार मंडळी. नागपुरात इतवारीतल्या लोहाओळीत एका कबाड्याकडून मागच्या आठवड्यात तीन वस्तू उचलल्या. तो म्हणतो, सगळं मिगचं, म्हणजे रशियन लढाऊ विमानाचं आहे. मला तसं वाटत नाही, पण खात्रीने सांगता येत नाही, म्हणून इथे विचारतो.

पहिली वस्तू अल्टिमीटर, म्हणजे विमानाची उंची दाखवणारं यंत्र. काळी तबकडी, तीन काटे, उंची फुटांत. आकड्यांवरचा रंग करपलेल्या गुळासारखा झालाय, अंधारात अजिबात चमकत नाही. उजवीकडे एक छोटी खिडकी आहे, तिच्यात २९.९ च्या आसपासचे आकडे दिसतात. खालची घुंडी फिरवली की ते सरकतात. काच शाबूत आहे. मागच्या पट्टीवर ‘ए एन’ने सुरू होणारा नंबर आहे, पुढचं घासलं गेलंय.

दुसरी वस्तू चाकाचा हब, म्हणजे त्याचा अर्धा भाग. आकाराच्या मानाने फारच हलका. जागोजाग पांढरी-करडी पूड धरलीय आणि पुडीखाली खड्डे आहेत.

तिसरा एक पत्रा. दोन फूट बाय दीड फूट असेल, एका अंगाने बाक आहे, रिवेटच्या दोन रांगा. बाहेरचा रंग बहुतेक उडालाय. आतून पोपटी-पिवळा रंग आहे, पण तो अर्ध्याच भागावर. बाकी उघडा पत्रा, त्यावर ग्रीस आणि धूळ.

विचार असा आहे की हबला बफिंग करून घ्यावं, पत्रा थिनरने पुसावा, अल्टिमीटर उघडून आकड्यांवर नवा चमकणारा रंग भरावा आणि तिन्ही वस्तू दिवाणखान्यात लावाव्यात. पण ही विमानं कुठली ते आधी कळलं तर फार बरं वाटेल. नुसती शोभेची वस्तू म्हणून मला ठेवायची नाही.

त्रिमूर्तीनगर:

मस्त माल मिळालाय भाऊ. हब हिंगण्याला कुठल्याही बफिंगवाल्याकडे द्या, एका दिवसात आरसा करून देतील. माझ्या बुलेटची कव्हरं तिथूनच करून घेतली. पत्र्याला थिनर आणि वर क्लिअर लॅकर मारा, वर्षानुवर्षं बघायला नको.

जुना फिटर:

वर्धारोडकर, थिनर लावू नका. बफिंगही थांबवा. तिन्ही वस्तू आज आहेत तशा ठेवा, धूळ झटकायची तर कोरड्या मऊ ब्रशने.

मी हवाई दलात इन्स्ट्रुमेंट फिटर होतो, नोकरीची शेवटची वर्षं इथेच वायुसेनानगरला गेली. म्हणून अल्टिमीटरपासून सुरुवात करतो.

ते मिगचं नाही, आणि हे त्या छोट्या खिडकीवरूनच कळतं. अल्टिमीटर खरं तर हवेचा दाब मोजतो. जमिनीवरचा दाब रोज बदलतो, म्हणून वैमानिक घुंडी फिरवून त्या वेळचा दाब लावून घेतो. तो दाब कुठल्या मापात लिहिलाय ते बघायचं. अमेरिकन यंत्रात पाऱ्याचे इंच असतात, प्रमाण दाब २९.९२. ब्रिटिश यंत्रात मिलिबार, १०१३. रशियन यंत्रात पाऱ्याचे मिलिमीटर, ७६०, आणि उंचीही मीटरमध्ये. तुमच्याकडे फूट आणि इंच आहेत. त्यात ‘ए एन’ म्हणजे आर्मी-नेव्ही, अमेरिकेच्या लष्कराचं आणि नौदलाचं सामाईक मानक. ब्रिटिश असतं तर मुकुट, त्याखाली ‘ए एम’ म्हणजे एअर मिनिस्ट्री, आणि ‘६ ए’ने सुरू होणारा भांडार क्रमांक दिसला असता.

पण यंत्र अमेरिकन निघालं म्हणून विमान सापडलं असं होत नाही. एकच अल्टिमीटर कितीतरी प्रकारच्या विमानांत बसायचं, आणि वर्कशॉपमध्ये एकातलं काढून दुसऱ्यात लावणं हे रोजचंच काम. विमान शोधायचं तर सांगाड्याचा तुकडा लागतो. तुमच्या तिघांत सगळ्यात मोलाचा तो पत्रा आहे.

त्याआधी एक गंभीर गोष्ट. आकड्यांवरचा तो तपकिरी रंग जवळजवळ नक्की रेडियमचा आहे. चमकत नाही म्हणजे तो मेला, असं समजू नका. चमकायचं ते त्यात मिसळलेलं झिंक सल्फाइड, ते काही वर्षांत थकतं. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. ते आजही जसंच्या तसं किरण सोडतंय. मोठा धोका आतल्या पुडीचा, ती श्वासात किंवा पोटात गेली तर; काच शाबूत असेपर्यंत ती आतच राहते. म्हणून हे यंत्र उघडायचं नाही, कोणाकडून उघडून घ्यायचं नाही, आकडे खरवडायचे नाहीत. जाड पॉलिथिनच्या पिशवीत घाला, वर चिठ्ठी लावा, आणि जिथे कोणी झोपत नाही, लहान मुलं पोचत नाहीत आणि वारा खेळतो अशा जागी ठेवा. हाताळलं की हात साबणाने धुवा. दिवाणखान्यात लावायचंच असेल तर त्या तबकडीचा चांगला फोटो फ्रेम करून लावा.

आता पत्रा. विमानाचा पत्रा बहुतेक वेळा अल्क्लॅड असतो. आत तांबं मिसळलेला मजबूत मिश्रधातू, आणि दोन्ही बाजूंना शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर. मजबूत धातू लवकर गंजतो, शुद्ध थर त्याला वाचवतो. पॉलिश पेपर मारला की नेमका तोच थर जातो, आणि आपल्याकडच्या एका पावसाळ्यात आतला पत्रा पापुद्रे सोडायला लागतो. पोपटी-पिवळा रंग झिंक क्रोमेट प्रायमर आहे. तो विषारी असतो, कोरडा घासला तर धूळ फुफ्फुसात जाते. त्याला हात लावायची गरजच नाही.

आणि थिनर का नको, तर कारखान्यात पत्रा तयार व्हायचा तेव्हा त्यावर शाईने ओळीच्या ओळी छापायचे: मिश्रधातूचं नाव, जाडी, कधी बनवणाऱ्याचं नाव. ही शाई थिनरच्या एका हाताने जाते. रात्री खोलीतला दिवा बंद करा, टॉर्च पत्र्याला जवळजवळ चिकटवून आडवी धरा आणि उघड्या भागावर सावकाश फिरवा. काही अक्षरं दिसली तर जशी दिसतात तशी इथे लिहा, अंदाजाने पुरी करू नका.

हिंगणा लेथ:

हबबद्दल मी सांगतो, एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे.

एवढा हलका आणि पांढरी पूड धरलेला हब मॅग्नेशियमचा असण्याची शक्यता फार आहे. त्या काळात विमानाची चाकं त्या धातूची बरीच असायची. अ‍ॅल्युमिनियमची घनता २.७, मॅग्नेशियमची १.७४, त्यामुळे हातालाच फरक कळतो. खात्री करायची असेल तर आतल्या बाजूला नखाएवढी जागा स्वच्छ करा आणि पांढऱ्या व्हिनेगरचा एक थेंब टाका. फेस आला तर मॅग्नेशियम. अ‍ॅल्युमिनियमवर काही होत नाही. थेंब लगेच पुसा, पाण्याने धुऊन पूर्ण कोरडं करा.

बफिंगच्या चाकावर मॅग्नेशियम देऊ नये. त्याची बारीक धूळ ठिणगीने पेट घेते, आणि त्या आगीवर पाणी मारलं तर ती आणखी भडकते. तिथे कोरडी वाळूच लागते. शेजारच्या मशीनवर लोखंड घासलं जात असेल तर ठिणग्या उडतच असतात. बफिंगवाल्याला धातू कुठला ते माहीत नसतं, तो बिचारा बुलेटचं कव्हर समजून चालवेल. त्रिमूर्तीनगर, राग मानू नका, पण हे जिवावरचं आहे.

घरी करायचं ते एवढंच: नायलॉनच्या मऊ ब्रशने सुटी पूड काढा, तोंडाला मास्क लावा. मिनरल टर्पेंटाइनने पुसा, दोन दिवस सुकू द्या, मग मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. खड्डे राहू द्या. स्टँडवर लावताना लोखंडी बोल्ट थेट धातूला टेकवू नका, मधे नायलॉनचं वॉशर घाला, नाहीतर ओल लागली की तिथूनच पोखरायला सुरुवात होते.

आणि पत्र्याचा धातू नक्की करायचा असेल तर अ‍ॅल्युमिनियमच्या संशोधनाचं केंद्र आपल्याच गावात आहे, वाडीला अमरावती रोडवर, जवाहरलाल नेहरूंच्या नावाचं. तिथे नमुना तपासणीची चौकशी करून बघा.

वर्धारोडकर:

फिटर काका, अक्षरं आहेत! ग्रीस कोरड्या फडक्याने अलगद टिपलं आणि टॉर्च आडवी धरली तर निळसर शाईची तिरपी ओळ दिसली. ‘एलसीएलएडी’, मग जागा, मग ‘२४ एस-टी’. पहिलं अक्षर नाही. पुढे एक दशांश आकडा आहे, त्यातला शेवटचा अंक वाचता येत नाही. याच्या वरून थिनर फिरवणार होतो मी.

व्हिनेगरला हबवर फेस आला. बफिंग रद्द. अल्टिमीटर पिशवीत घालून गच्चीवरच्या खोलीत ठेवलाय, चिठ्ठीही लावली.

२४ एस-टी म्हणजे काय? हे डाकोटा, म्हणजे ते जुनं अमेरिकन मालवाहू विमान, असू शकतं का?

जुना फिटर:

वाचून फार आनंद झाला. ही ओळ म्हणजे तुमच्या पत्र्याचा जन्मदाखलाच आहे.

‘एलसीएलएडी’ म्हणजे मी सांगितलेलं अल्क्लॅड, पहिला ‘ए’ गेलाय. २४ एस हे अमेरिकन मिश्रधातूचं जुनं नाव. १९५४ मध्ये तिकडे नावांची पद्धत बदलली आणि त्याच धातूला २०२४ म्हणू लागले. म्हणजे पत्रा अमेरिकन पद्धतीचा आणि बहुधा १९५४ च्या आधीचा. ब्रिटिश पत्र्यावर वेगळी खूण असते, बहुतेक वेळा ‘डीटीडी’ आणि क्रमांक. कबाड्याचं मिग तर इथेच बाद झालं, आपल्याकडे मिग-२१ आलंच १९६३ मध्ये.

डाकोटा असू शकतं, आणि नागपुरात त्याला आधारही आहे. महायुद्ध संपल्यावर अमेरिकन लष्कराची शिल्लक डाकोटा भारतात विकली गेली आणि अनेक विमान कंपन्यांनी ती घेतली. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री सोनेगावला, आपल्या विमानतळावर यायची, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत ती परतायची. माझे वडील आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे टपाल सेवेत होते. रात्रपाळीहून आले की अंगाला ज्यूटचा वास असायचा, आणि आम्ही पोरं आज कुठलं विमान उशिरा आलं ते विचारायचो. त्यामुळे इथल्या भंगारात डाकोटाचा पत्रा निघणं मला अशक्य वाटत नाही.

तरीही नाव लिहून टाकू नका. हवाई दलाकडे त्याच काळातली आणखी अमेरिकन विमानं होती. हार्वर्ड हे शिकाऊ वैमानिकांचं विमान होतं. पॅकेट हे मालवाहू विमान १९५४ पासून आलं. लिबरेटर ही बॉम्बफेकी विमानं तर ब्रिटिश हवाई दल कानपूरला मोडून टाकून गेलं होतं, ती एचएएल या बंगळूरच्या विमान कारखान्याने पुन्हा उभी केली आणि आपल्या हवाई दलाने १९६८ पर्यंत उडवली. या सगळ्यांत हाच पत्रा असू शकतो.

फरक रिवेटमध्ये सापडेल. दोन रिवेटच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, दोन रांगांमधलं अंतर, डोक्याचा व्यास आणि डोकं सपाट आहे की घुमटाकार, हे मोजा. पत्र्याची जाडी मायक्रोमीटरने घ्या, रंग नसलेल्या जागी. बाक किती आहे तो पुठ्ठ्यावर कापून घ्या. प्रायमरवर रबरी शिक्क्याचे छोटे गोल आहेत का तेही बघा, ते तपासनिसाचे असतात, त्यात कारखान्याची खूण मिळू शकते. मग तुलना करता येईल. ‘परशुराम’ डाकोटा २०१८ मध्ये हवाई दलात आलं तेव्हाचे जवळून काढलेले भरपूर फोटो आहेत, आणि पालमच्या संग्रहालयात लिबरेटर उभं आहे.

एक राहिलं. त्या कबाड्याकडून साध्या कागदावर का होईना, तारीख आणि वस्तूंचं वर्णन लिहून सही घ्या. हा माल त्याच्याकडे कुठून आला तेही विचारा. लिलावातला लॉट असेल तर त्याचा कागद कोणाकडे तरी असतो, आणि त्यावर कुठल्या डेपोचा माल ते लिहिलेलं असतं. पुन्हा गेलात आणि इजेक्शन सीटचा भाग, काडतुसासारखी नळी किंवा तोफेचा तुकडा दिसला तर हात लावू नका, सरळ पोलिसांना कळवा.

वर्धारोडकर:

मायक्रोमीटर नाही माझ्याकडे. हिंगणा लेथ, रविवारी पत्रा घेऊन तुमच्याकडे येऊ का?

हिंगणा लेथ:

या ना. अकरानंतर. पत्रा चादरीत गुंडाळून आणा, शाईच्या बाजूला काही घासू देऊ नका. रिवेट गेजही आहे माझ्याकडे.

त्रिमूर्तीनगर:

मीही येतो. माझ्याकडे मॅक्रो लेन्स आहे, शिक्क्यांचे फोटो नीट येतील.