ईसीएम गेला म्हणतात. दुरुस्त होतो का, आणि नाही झाला तर टाकायचा कुठे?

कऱ्हाडकर:
बारा वर्षांची डिझेल हॅचबॅक आहे. ईसीएम म्हणजे तिचं इंजिन चालवणारा कॉम्प्युटरचा डबा. इंजिन चांगलं तापलं की गाडी चालता चालता बंद पडते, अर्ध्या तासाने गार झाली की मुकाट सुरू होते. वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला आणि ‘ईसीएम गेलाय, नवीन टाका’ म्हणाले. खर्च ऐकून गाडीच विकावी असं वाटलं. जुना डबा परत मागितला तर तो ‘जमा’ करावा लागतो म्हणे. कुठे जमा होतो, ते मात्र कुणालाच सांगता येईना. पंपाचा स्टार्टर चार वेळा दुरुस्त करून वापरणारी माणसं आम्ही. अख्खा डबा फेकायचा जिवावर येतंय.

नाक्यावरचा:
कुर्ल्याला सीएसटी रोडवर जा. पार्ट नंबर जुळवून सेकंडहँड उचला, काम झालं.

डागवाली:
नाक्यावरचे, एवढं सोपं नाही ते. किल्लीचा कोड ईसीएमच्या मेमरीत असतो. दुसऱ्या गाडीचा डबा नुसता जोडला तर इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारी यंत्रणा, गाडी सुरू होऊ देत नाही. जुन्यातला डेटा काढून त्यात चढवावा लागतो. म्हणून कऱ्हाडकर, जुना डबा काही झालं तरी हातचा सोडू नका.

मी भोसरीत हीच दुरुस्ती करते. तापल्यावर बंद, गार झाल्यावर सुरू, हे ऐकलं की मी आधी क्रँक सेन्सर बघते, म्हणजे इंजिन किती फिरलं ते ईसीएमला सांगणारा सेन्सर. तो तापला की सिग्नल सोडतो आणि लक्षणं हुबेहूब अशीच दिसतात. किंमत तर ईसीएमच्या पासंगालाही पुरत नाही. तो तपासलाय का? ईसीएमला वीज देणारा मेन रिले आणि अर्थिंगची वायरही बघून घ्या. स्कॅनर कोड दाखवतो, निदान माणसालाच करावं लागतं.

एवढं करूनही दोष डब्यातच निघाला, तर बऱ्याचदा डाग, म्हणजे पिन सर्किट बोर्डाला जोडणारा सोल्डरचा सांधा, सुटलेला असतो. बोर्ड आणि पिन तापल्यावर सारख्या प्रमाणात फुगत नाहीत. वर्षानुवर्षं हे चाललं की डागाला चीर जाते. भिंगाखाली पिनेभोवती केसाएवढी करडी गोल रेघ दिसते. जुना डाग काढायचा, नवा द्यायचा, वरून कोटिंग परत मारायचं. ते मारलं नाही तर पहिल्याच पावसाळ्यात डबा परत टेबलावर येतो.

खरी आडकाठी झाकणाची असते. चार स्क्रू असले तर माझं निम्मं काम तिथेच झालं. पण काही कंपन्या डबा कडक इपॉक्सीने भरून टाकतात. पाणी आणि हादरे यांपासून संरक्षण हवंच, पण ते मऊ जेलनेही करता येतं. इपॉक्सीवाला डबा मला उघडता येत नाही आणि रिसायकलवाल्यालाही ॲल्युमिनियमपासून बोर्ड सुटा करता येत नाही.

सॉफ्टवेअरही डबे मारतं. २०२१ मध्ये टेस्ला या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीला सुमारे १,३५,००० मॉडेल एस आणि मॉडेल एक्स गाड्या परत बोलवाव्या लागल्या. ८ जीबीची मेमरी चिप सतत लिहून लिहून झिजली, स्क्रीन गेला आणि त्याबरोबर मागचा कॅमेराही. सॉफ्टवेअरने लॉग, म्हणजे स्वतःच्या कामाच्या नोंदी, कमी लिहिले असते तर ती चिप कितीतरी वर्षं चालली असती.

चाकणचा इंजिनिअर:
ताई, इपॉक्सी आम्ही हौस म्हणून ओतत नाही. वॉरंटीत डबा परत आला की पहिला जाब आम्हालाच विचारतात. आणि टेबलावर दुरुस्त केलेला एअरबॅगचा डबा तुम्ही स्वतःच्या गाडीत बसवाल का?

डागवाली:
नाही बसवणार. एअरबॅग आणि एबीएसच्या (ब्रेकच्या) डब्यांना मी हात लावत नाही, गिऱ्हाईकाला सरळ परत पाठवते. पण काच वर-खाली करणाऱ्या मॉड्यूललाही तेच इपॉक्सी कशाला, ते सांगा.

कऱ्हाडकर:
क्रँक सेन्सर कुणी तपासलाच नाही! उद्याच बघतो. पण ईसीएम खरंच मेला असेल तर? आमच्या इथला भंगारवाला किलोवर घेतो.

डागवाली:
त्याला देऊ नका. तिथून बोर्ड सोन्यासाठी ॲसिडच्या टबात जातो आणि वायरिंग तांब्यासाठी उघड्यावर जळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणीकृत ई-कचरा रिसायकलर सापडतील, त्यांनाच द्या.

पूर्ण गाडीच मोडीत काढायची झाली तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात. १ एप्रिल २०२५ पासून जुन्या वाहनांसाठी नवे नियम लागू आहेत, पण त्यात जुन्या गाड्यांच्या रिसायकलिंगची कंपनीवरची जबाबदारी मोजतात ती पोलादावर. बोर्ड त्या हिशेबात कुठेच नाही. वायरिंगचं मात्र पोलादवाल्यांनाही सोयरसुतक असायला हवं. सांगाड्यात तांबं राहिलं की ते भट्टीत पोलादात मिसळतं, परत निघत नाही आणि गरम लाटताना पत्र्याला भेगा पडतात.

सेन्सर बदलूनही गाडी बंदच पडत राहिली तर डबा काढून घेऊन या. येताना दोन्ही किल्ल्या आणा, आणि डबा काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा.