अनुभव धागा : मुलाखतीतल्या नेहमीच्या प्रश्नांची तयारी तुम्ही कशी केली? (खान्देशकर मंडळींनी लिहा)

वाघूरकाठ (धागाकर्ता)

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची बरीच पोरं सध्या मुलाखतींच्या मागे आहेत. कुणाचं कॅम्पस, कुणाचा बँकेचा कॉल, कुणाची एमआयडीसीतली भरती. सगळ्यांच्या मोबाइलमध्ये प्रश्नोत्तरांची तीच ती पीडीएफ. ती इथं टाकू नका. ‘स्वतःबद्दल सांगा’, ‘आमच्याकडेच का’, ‘उणिवा कोणत्या’, ‘मधली वर्षं काय केलंत’, ‘पगार किती हवा’ यातल्या एखाद्या प्रश्नाची तुम्ही काय तयारी केली आणि आत गेल्यावर तिचं काय झालं, तेवढं लिहा. सरकारी, खासगी, शिक्षण संस्था, काहीही चालेल. कंपनीचं नाव नको.

केळीबाग

मी रावेर तालुक्यातला, आता सरकारी बँकेत. आयबीपीएसच्या पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) भरतीच्या अंतिम यादीत मुख्य परीक्षेला 80 टक्के वजन आणि मुलाखतीला 20, म्हणून पोरं मुलाखत हलक्यात घेतात. काठावर बसलेल्याचा निकाल त्या 20 मध्येच लागतो.

माझी सगळी तयारी मी स्वतः भरलेल्या फॉर्मवर होती. जिल्हा जळगाव, वडिलांचा व्यवसाय शेती असं लिहिलंय म्हटल्यावर केळी विचारणारच. आप्पांना घेऊन बसलो आणि एकरी हिशोब कागदावर काढला. टिश्यूकल्चरची रोपं, ठिबक, खतं, मजुरी, कापणी. मग जाहीर भाव आणि प्रत्यक्ष हातात पडणारा भाव यातली तफावत. आप्पा म्हणाले, “हे तुला माहीत नव्हतं?” अर्धंमुर्धंच माहीत होतं. बागेत राबणं वेगळं आणि बागेचं गणित दोन मिनिटांत सांगता येणं वेगळं.

पॅनेलनं विचारलं, जळगावच्या केळीला 2016 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, शेतकऱ्याच्या पदरात काय पडलं? मी म्हटलं, निर्यातीच्या मालाला नावाचा उपयोग होऊ शकतो, पण बांधावर सौदा व्यापाऱ्याच्या बोलीनं होतो, तिथं टॅग कुणी विचारत नाही. पुढचा प्रश्न : वादळात बाग झोपली, कर्जदार हप्ता भरू शकत नाही, शाखाधिकारी म्हणून काय कराल? हवामानावर आधारित फळपीक विमा, आणि सरकारनं आपत्ती जाहीर केली असेल तर पीक कर्जाचं मुदत कर्जात रूपांतर, हे दोन्ही आधी वाचून ठेवलं होतं. ‘बँकेतच का’ हा प्रश्न आलाच नाही. बहुतेक तोवर त्याचं उत्तर त्यांना मिळालं असावं.

पांझरा

धुळ्याचा, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. केळीबाग भाऊंचं पटतं, पण पाठांतराला सरसकट नावं ठेवू नका. पहिलं उत्तर पाठच हवं. घरी अहिराणी, कॉलेजात मराठी, आणि एकदम इंग्रजीत ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ आलं की पहिली दोन वाक्यं अडतात. ती तोंडात बसलेली असली की पुढची गाडी सुरळीत चालते. गाव, वडिलांचं नाव, दहावी-बारावीचे टक्के यात वेळ घालवू नका, ते सगळं बायोडेटात आहे. सध्या काय करतो, त्यातलं एक काम जरा खोलात, आणि इथं का आलो, एवढं दीड-दोन मिनिटांत. फोनवर रेकॉर्ड करून ऐकायचं. स्वतःचा आवाज ऐकवत नाही, तरी ऐकायचा.

पगाराचं : ‘कंपनीच्या नियमाप्रमाणे द्या’ म्हणू नका, आणि सीटीसीला (कंपनी तुमच्यावर धरते तो वर्षाचा एकूण खर्च) भुलूही नका. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ (मूळ पगाराच्या 12 टक्के), बरेचदा ग्रॅच्युइटी (4.81 टक्के), आणि मिळेल-न-मिळेल असा व्हेरिएबल (कामगिरीवरचा पगार) धरलेला असतो. खोलीभाडं, मेस आणि घरी पाठवायचे पैसे यांची बेरीज करून महिन्याला हातात किती हवेत ते आधी ठरवा. आकडा त्यावरून सांगा.

भुसावळचा फिटर

आमच्याकडे कसलं टेल मी भो. आयटीआयवाल्याच्या हातात थेट व्हर्नियर देतात. लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) विचारतात : व्हर्नियर 0.02 मिमी, मायक्रोमीटर 0.01. मी मापाआधी जबडे मिटवून झिरो एरर बघितली. समोरच्या फोरमननं तेवढंच पाहिलं आणि शिफ्टला कधीपासून येशील ते विचारलं. तोंडाच्या आधी हाताची तयारी करा.

सातपुडा_शिक्षिका

नंदुरबार जिल्हा. शाळेच्या मुलाखतीत पाठ घ्यायला सांगितला, सहावीचा अपूर्णांक. पाठ सगळेच तयार करून येतात. मला विचारलं ते असं, की पहिलीतलं पोर घरी भिली किंवा पावरी बोलतं, तुमची मराठी त्याला कळत नाही, मग काय कराल? मी डीएडच्या सरावात मुलांकडून त्यांच्याच घरातल्या वस्तूंची नावं गोळा करून चित्रांचे तक्ते केले होते, ते दाखवले. तक्ते पिशवीतच होते.

दुसरं, ताईंनो, ‘यजमान कुठं असतात, इथं टिकाल का’ हे विचारलं जातंच. विचारू नये, पण विचारतात. चिडून किंवा घरची सगळी कहाणी सांगून उपयोग नाही. “राहायची सोय झाली आहे, जूनपासून रुजू होऊ शकते,” एवढ्यावर मी थांबले. तेही थांबले.

गिरणाकाठ

मी चाळीसगावचा, नाशिकला एका कारखान्याच्या एचआरमध्ये, म्हणजे टेबलाच्या पलीकडून लिहितो. ‘माझी उणीव म्हणजे मी परफेक्शनिस्ट आहे’ हे ऐकून कान किटले. खरी पण कामाला न बुडवणारी एक सांगा, आणि त्यावर काय करता ते सांगा. एका पोरानं सांगितलं, “फोनवर ऐकलेलं विसरतो, म्हणून खिशात वही ठेवतो.” वही दाखवली पण. घेतला त्याला.

आपल्याकडच्या पोरांचा खरा अडलेला प्रश्न गॅपचा आहे. अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करण्यात वर्षं गेलेली असतात आणि बायोडेटात ती लपवलेली असतात. लपवू नका, तारखा आम्ही जोडून बघतोच. कोणती परीक्षा दिली, पूर्व की मुख्यपर्यंत पोचलात, ते सरळ सांगा. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली, त्यामुळे अनेकांचं गणित बिघडलं हे खरंच आहे, पण उत्तराची सुरुवात तिथून केली की गाऱ्हाणं वाटतं. त्याच काळात भावाचं दुकान सांभाळलं असेल, ट्यूशन घेतली असेल, ते आधी सांगा. क्लासच्या फीसाठी दाळमिलमध्ये हिशोब लिहिणारा उमेदवार ते सांगायला लाजतो, आणि मला स्टोअर्ससाठी नेमका तोच हवा असतो.

आणि आम्हाला भीती एकच असते : पुढची जाहिरात आली की हा जाणार. ती भीती तुम्हीच आधी बोलून काढा. परीक्षा पूर्ण सोडली असेल तर तसं सांगा. सोडली नसेल तर खोटं बोलू नका, किती दिवस थांबाल ते सांगा. वर्षभराच्या कंत्राटी जागा असतात, तिथं हे चालतं.

वाघूरकाठ

गिरणाकाठ, शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का’ म्हणतात तेव्हा? आमची पोरं ‘नाही सर’ म्हणून उठतात.

गिरणाकाठ

पहिले तीन महिने कुणाच्या हाताखाली काम करायचं ते विचारा. कॅन्टीन आणि बसचं जॉइनिंगच्या दिवशी कळतंच.

भुसावळचा फिटर

बसचं आधी विचारा भो. रात्रपाळी सुटल्यावर बस नसली म्हणजे कळतं.