मदत हवी आहे: निडल स्केलर दोन मिनिटांत मंदावतोय

कृष्णाकाठ
मंडळी, मी वाळव्याचा. उसाच्या ट्रॉलीचा गंज आणि जुना रंग काढायला गेल्या महिन्यात निडल स्केलर मागवला, म्हणजे हवेच्या दाबाने सुया ठोकून गंज उडवायचं टूल, १९ सुयांचा. चालू केला की पहिली दीड-दोन मिनिटं झकास चालतो, पापुद्रे उडतात, मग सुया नुसत्या थरथरतात, एकदोन तर आतच अडकून बसतात. बदलून दुसरा घेतला, तोही तसाच. कॉम्प्रेसरचं घड्याळ आठ किलो दाखवतंय म्हणजे हवा आहे. गळीत हंगाम तोंडावर आलाय, ऊसतोड टोळीला उचल देऊन झालीय, ट्रॉली रंगवून उभी पाहिजे. टूल खराब आहे का एवढंच सांगा.

लोहार_गल्ली
कॉम्प्रेसर किती एचपी? पाईप कुठला, आतलं भोक किती एमएम? तेल कुठलं घालताय? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार.

भोसरीकर
कशाला वेळ घालवताय, सरळ सँडब्लास्टिंग करून आणा. एका दिवसात अख्खी ट्रॉली पांढरी होऊन येते, खाचेतलासुद्धा गंज निघतो. सुयांनी तेवढं साफ कधीच होत नाही.

लोहार_गल्ली
वाळव्याहून ट्रॉली भोसरीला न्यायची का? आणि गावात कोणी नदीची वाळू भरून ब्लास्टिंग करत असेल तर जवळसुद्धा उभं राहू नका, त्या धुळीने सिलिकोसिस होतो, फुप्फुस परत बरं होत नाही. वाळूऐवजी कॉपर स्लॅग किंवा गार्नेटचे दाणे वापरणारा असेल तरच बोला.

अँगलग्राइंडर
ग्राइंडरला वायरचा कप ब्रश लावा, दोन हजारात काम. मी सगळी गेटं तशीच करतो.

डेकवरचा_माणूस
मी रत्नागिरीचा, जहाजावर बावीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बोसन म्हणून, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. कप ब्रश गंजाला घासून चकचकीत करतो, काढत नाही. वरून लोखंड दिसतं पण खड्ड्यात गंज तसाच, सहा महिन्यांत रंग फुगतो. जाड पापुद्र्याला निडल गनच, म्हणजे तुमचा हाच स्केलर. भाऊ, पाईपचं सांगा आधी.

अँगलग्राइंडर
काका, माझी गेटं चार वर्षं झाली तशीच आहेत.

डेकवरचा_माणूस
गेटावर रोज ओली माती आणि उसाचा पाला दाबून बसत नाही.

कृष्णाकाठ
कॉम्प्रेसर २ एचपीचा, पंक्चरवाल्याकडून जुना घेतलेला. पाईप तो निळा स्प्रिंगसारखा गुंडाळलेला, ८ एमएमचा. तेल ९० नंबर, ट्रॅक्टरचं उरलेलं होतं. यात काय बिघडलं?

लोहार_गल्ली
सापडलं की! ८ एमएम बाहेरून, आत जेमतेम ५. टाकीचं घड्याळ टाकीचं प्रेशर दाखवतं, टूलपाशी काय पोचतं ते नाही. टूलच्या तोंडाशी टी जॉइंट लावून एक घड्याळ बसवा आणि ट्रिगर दाबून धरून बघा, तिथे सव्वासहा किलो म्हणजे ९० पीएसआय टिकायला हवं. आणि कॉम्प्रेसरच्या पाटीवरचा सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा, तो पिस्टनच्या मापाचा असतो, खरी हवा त्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास. पहिली दोन मिनिटं तुम्ही साठलेल्या हवेवर चालवताय.

डेकवरचा_माणूस
आणि ९० नंबर तेल घट्ट, त्यानेच पिस्टन आणि सुया जड झाल्यात. पुढची नळी काढा, सुया आणि आतलं डिझेलमध्ये रात्रभर बुडवा, पुसा, मग शिलाई मशीनचं पातळ तेल चार-पाच थेंब हवेच्या तोंडात. रोज, काम सुरू करायच्या आधी. टाकीतलं पाणी खालच्या कॉकने रोज सोडा.

पांढरी_पट्टी
ट्रॉली रंगवताय तर मागे रिफ्लेक्टर लावा दादा, तो विसरू नका. दरवर्षी हंगामात रात्री उभ्या ट्रॉलीवर माणसं आदळतात, माझा चुलतभाऊ तसाच गेला.

कृष्णाकाठ
लावतो दादा, नक्की. फाळक्यांवर, म्हणजे ट्रॉलीच्या बाजूच्या पत्र्यांवर, पण हाच चालवू का?

लोहार_गल्ली
पत्रा किती एमएम?

कृष्णाकाठ
अडीच.

लोहार_गल्ली
मग अजिबात नको. पत्रा ताणून फुगतो, परत सपाट होत नाही. स्केलर चासी, सी चॅनेल, क्रॉस मेंबर आणि वेल्डिंगच्या कोपऱ्यांपुरता, फाळक्यांना ग्राइंडरची फ्लॅप डिस्क, ती पॉलिश पेपरच्या पट्ट्यांची चकती, हलक्या हाताने.

डेकवरचा_माणूस
ट्रॉली कुठल्या सालची? खाली शेंदरी थर लागला तर त्यात शिसं असू शकतं. २०१६ च्या नियमात ९० पीपीएमची मर्यादा आली ती घरगुती रंगांना, लोखंडाच्या रंगांना नाही. रुमाल पुरत नाही, फिल्टरचा मास्क घाला, पोरांना लांब ठेवा, कपडे वेगळे धुवा. कानाला मफ. सलग दहा-पंधरा मिनिटांवर टूल धरू नका. माझी उजव्या हाताची दोन बोटं थंडीत पांढरी पडतात, बटण लागत नाही.

कृष्णाकाठ
२००३ ची. खाली शेंदरीच आहे, मास्क आणला. पाईप अर्ध्या इंचीचा टाकला, शेजारचा ५ एचपी दोन दिवस मागून आणला, टूल डिझेलमधून काढलं. काल सकाळपासून थांबलं नाही. पण मागच्या क्रॉस मेंबरला सुया लावल्या आणि अंगठा जाईल एवढं भोक पडलं. पुट्टी भरून प्रायमर मारू का?

डेकवरचा_माणूस
नाही! तेवढा तुकडा चांगलं लोखंड लागेपर्यंत कापा, त्याच जाडीचा पॅच वेल्ड करा. मग गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या आणि त्याच दिवशी प्रायमर. रात्रभर उघडं ठेवलंत तर दवाने सकाळी तांबूस झालेलं दिसेल.

कृष्णाकाठ
वेल्डरला फोन केला. उद्या आठला येतोय.